मधे फक्त एक केबल

इलेक्ट्रिक गिटारची केबल थेट ॲम्प्लिफायरमध्ये खोचून, मधे एकही इफेक्ट पेडल न ठेवता वाजवणे ही या वाद्याची मूळ रीत आहे. पेडल म्हणजे जमिनीवर ठेवून पायाने चालू-बंद करायची छोटी डबी. एखादी डबी आवाज फाडते, एखादी त्याला प्रतिध्वनी जोडते, एखादी त्यात लहरी आणते. आज हौशी वादकाच्या पायाशीही अशा चार-पाच डब्या दिसतात. पण इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली ती 1930 च्या दशकात आणि आवाज फाडणारे पहिले गाजलेले पेडल, मेस्ट्रोचे फझ-टोन, आले 1962 साली. मधल्या काळात बहुतेक वादकांचे सारे काम बोटे, गिटार आणि ॲम्प एवढ्यावर चालत होते. रॉक संगीताचा म्हणून जो आवाज पुढे ओळखला गेला, त्याचा पाया याच काळात पडला.

ॲम्पशिवाय भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार जवळजवळ मुकी असते. तारांखाली बसवलेला पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या एका पिकअपमध्ये ते आठ हजारांच्या आसपास असतात. पोलादी तार चुंबकासमोर कंप पावली की या वेढ्यांत अगदी क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. मात्र हे वेढे तारेच्या कंपाबरोबर खोलीतल्या विजेची गुणगुणही टिपतात. भारतात ती सेकंदाला 50 आवर्तनांच्या वीजपुरवठ्यातून येते. 1955 साली गिब्सन कंपनीतले सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी उलटसुलट जोडून ही गुणगुण एकमेकीत मारली आणि हंबकर पिकअप तयार झाला. त्याचा दुसरा परिणाम गिटारवादकांना अधिक भावला. हंबकरचा दाब जास्त असतो, त्यामुळे तो ॲम्पला लवकर आणि जोरात ढकलतो. पेडल न वापरणाऱ्याने कोणता पिकअप निवडला, यावरच त्याचा निम्मा आवाज ठरून जातो.

ॲम्पचे काम वरवर पाहता आवाज मोठा करण्याचे. सुरुवातीचे टप्पे गिटारचा क्षीण दाब अनेक पटींनी वाढवतात, मधे बास-ट्रेबलचे नॉब असतात, शेवटचे मोठे व्हॉल्व्ह स्पीकरला ताकद देतात. जुन्या रेडिओतले, तापून लाल होणारे काचेचे व्हॉल्व्ह ते हेच. प्रत्येक व्हॉल्व्हला वीजपुरवठ्याने घातलेली मर्यादा असते. त्या मर्यादेपलीकडचा दाब मागितला की तरंगाचे माथे चपटे होतात आणि आवाज फाटतो. गणेशोत्सवाच्या मंडपातला कर्णा जास्त चढवला की जे होते, तेच इथेही होते. फरक इतकाच, की चांगल्या व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये हे फाटणे एकदम न होता हळूहळू होत जाते. चपट्या झालेल्या तरंगात मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपसंख्येचे उपस्वर मिसळतात, स्वर दाट होतो आणि लांब टिकतो. तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी काढून तार उपस्वरांनी भरून घेतात, तिची इथे आठवण होते. मार्ग मात्र अगदी वेगळा. फाटलेल्या आवाजातला कानाला बोचणारा भाग स्पीकर अडवतो. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही ऐकवतच नाही. तोच संकेत घरातल्या चांगल्या हाय-फाय स्पीकरवर ऐकला तर माशीच्या भुणभुणीसारखा लागतो.

हे फाटणे अभियंत्यांच्या लेखी दोषच होते, आणि त्याचा इतिहासही मोडतोडीचा आहे. 1951 साली मेम्फिसमध्ये 'रॉकेट 88' हे गाणे ध्वनिमुद्रित होत असताना गिटारवादक विली किझार्टचा ॲम्प बिघडलेला होता. ध्वनिमुद्रण करणारे सॅम फिलिप्स यांनी त्याच्या स्पीकरच्या शंकूत कागद कोंबून काम भागवले आणि तो भरभरीत आवाज तसाच ठेवला. 1958 च्या 'रंबल' या धूनसाठी गिटारवादक लिंक रे यांनी स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली. 1964 साली लंडनमध्ये किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या ॲम्पचा शंकू दाढीच्या ब्लेडने कापला.

स्पीकरची मोडतोड न करताही हा आवाज मिळू शकतो हे सिद्ध झाले ते लंडनच्या हॅनवेल भागातल्या एका दुकानात. जिम मार्शल हे मूळचे ड्रमवादक आणि ड्रमचे शिक्षक. त्यांच्या दुकानात येणाऱ्या वादकांना अमेरिकन फेंडर ॲम्प हवे असत, पण आयात केलेला माल महाग पडे. म्हणून मार्शल, केन ब्रान आणि तरुण तंत्रज्ञ डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्या बासमन ॲम्पचे सर्किट समोर ठेवून 1962 साली जेटीएम 45 बनवला. नक्कल जवळपास हुबेहूब होती; बदलले ते सुटे भाग. पहिल्या टप्प्यात अधिक वाढ देणारा व्हॉल्व्ह आला, स्पीकर सेलेस्टियनचे आले, पेटी मागून बंद झाली. या किरकोळ वाटणाऱ्या फरकांमुळे ॲम्प लवकर फाटू लागला आणि त्याचा आवाज अधिक जाड झाला. 1966 साली जॉन मेयॉल यांच्या 'ब्लूज ब्रेकर्स' अल्बमसाठी एरिक क्लॅप्टनने गिब्सन लेस पॉल गिटार मार्शलच्या कॉम्बोला (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) जोडली आणि मैफलीत वाजवतो तितक्याच जोराने डेक्काच्या स्टुडिओत वाजवली. ध्वनिमुद्रक गस डजन यांना ही पातळी मुळीच मानवली नाही. पण ॲम्पच्या शेवटच्या टप्प्याचे व्हॉल्व्ह आणि स्पीकर ताणले गेल्याशिवाय तो आवाज निघणारच नव्हता.

पेडलविना वाजवण्याचे सर्वांत शुद्ध उदाहरण सांगायचे तर एसी/डीसीच्या माल्कम यंग यांचे. हे कुटुंब स्कॉटलंडमधून ऑस्ट्रेलियात आलेले. 1973 साली सिडनीत सुरू झालेल्या या बँडमध्ये माल्कम तालाची गिटार वाजवत. त्यांच्या ग्रेच गिटारवर ब्रिजजवळचा एकच पिकअप उरला होता, तारा जाड होत्या आणि केबल सरळ मार्शलमध्ये जात असे. आश्चर्य असे, की त्यांचा आवाज लोक समजतात तितका फाटलेला नाही. ॲम्प फाटायच्या उंबरठ्यावर ठेवलेला असे. उरलेला जोर उजव्या हाताचा. त्यांची नक्कल करताना नवशिके ॲम्पवरचा, आवाज फाडणारा गेनचा नॉब शेवटपर्यंत फिरवतात आणि आघाताचा सगळा ठसका घालवून बसतात. धाकटे भाऊ अँगस यांची 'नुसती गिटार आणि ॲम्प' अशी ख्याती आहे, पण 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून ते जी शॅफर-व्हेगा बिनतारी यंत्रणा वापरत, ती संकेत वाढवत आणि दाबतही असे. कमरेला बांधलेले पेडलच ते, म्हटले तरी चालेल. शिवाय या पद्धतीला व्हॉल्व्हच लागतो असेही नाही. डॉ. फीलगुड या बँडचे विल्को जॉन्सन टेलिकास्टर ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला जोडून, प्लेक्ट्रमही न घेता कोरडा, तुटक आवाज काढत. बी. बी. किंग यांचा आवडता लॅब सिरीज ॲम्पही ट्रान्झिस्टरचाच.

पाय मोकळे झाले की काम हातांवर येते. ॲम्प उंबरठ्यावर असेल तर हळू छेडलेली तार स्वच्छ वाजते, जोरात मारलेली गुरगुरते. पेडलवरून आलेला, सुरुवातीलाच भरपूर फाटलेला आवाज हा फरक बराचसा पुसून टाकतो. दुसरे साधन गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब. गिटार 10 वर ठेवून ॲम्प हवा तितका फाटेपर्यंत चढवायचा आणि मग गिटार 5-6 वर आणायची, की तोच ॲम्प जवळपास स्वच्छ होतो. उलट गिटार पुन्हा 10 वर नेल्यावर आवाज फारसा मोठा होत नाही, कारण ॲम्प आधीच मर्यादेला टेकलेला असतो. आवाज फक्त दाट होतो आणि जास्त टिकतो. एकल वादनासाठी पुढे यायचे तर हीच अडचण होते, आणि पेडल न वापरणारे वादक साथीदारांच्या समजूतदारपणावर अवलंबून राहतात ते यामुळेच. नॉब खाली आणताना ट्रेबलही थोडा गळतो. त्यावर नॉबला एक छोटा कपॅसिटर जोडतात, किंवा ट्रेबल आधीच थोडा जास्त ठेवतात.

केबलही निर्दोष नाही. तिच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे 100 पिकोफॅरॅड धारिता असते, त्यामुळे दहा मीटरची केबल आवाजाची धार बोथट करते. चांगला बफर (संकेताला केबलचा भार न जाणवू देणारे सर्किट) असलेले एखादे पेडल हा तोटा टाळते. 'मधे काही नाही म्हणून आवाज शुद्ध' हा दावा म्हणून तांत्रिकदृष्ट्या अर्धवटच ठरतो.

फाटलेल्या ॲम्पवर सगळे कॉर्ड सारखे वाजत नाहीत. दोन स्वर एकत्र फाटले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर जन्मतात. षड्ज-पंचमाचे नाते 2:3 असल्यामुळे त्यांची वजाबाकी बरोबर खालचा षड्ज देते आणि आवाज भरदार होतो. रॉकमधला पॉवर कॉर्ड म्हणजे हेच सा-प. त्यात गंधार घातला, तोही गिटारच्या समान अंतराच्या पडद्यांवरचा किंचित चढा गंधार, की सगळे गढूळ होते. बासचा नॉब खाली ठेवल्याने ही गढूळता बरीच कमी होते. जुन्या फेंडर ॲम्पमध्ये हा नॉब फाटण्याच्या टप्प्याआधी येत असल्यामुळे तर ते आवश्यकच ठरते.

या पद्धतीची खरी किंमत म्हणजे मोठा आवाज. नेहमीचा गिटार स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर साधारण 97 डेसिबल देतो. 100 वॅटचा ॲम्प पूर्ण चढवला तर 117 डेसिबल होतात, म्हणजे काही मिनिटांत कानाला इजा. लहान ॲम्प घेऊन सुटका होते असे वाटते, पण 10 वॅटचा ॲम्पही कानाला 100 वॅटच्या निम्मा मोठा लागतो; कान पटीच्या हिशेबाने ऐकतो. पाच वॅटचा ॲम्पही फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना पुरेसा होतो. 1975 साली मार्शलने मास्टर व्हॉल्यूमचे मॉडेल काढले. त्यात पहिले टप्पे फाडून शेवटचा टप्पा मंद ठेवता येतो. आवाज वेगळा लागतो, पण भांडण टळते. दुसरा उपाय ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसवायच्या ॲटेन्युएटरचा, जो जास्तीची ताकद उष्णतेत घालवतो.

भारतात अमेरिकी बाजारासाठी बनलेला जुना ॲम्प हाती आला तर तो 120 व्होल्टचा आहे का हे आधी पाहावे लागते; आपल्या 230 व्होल्टवर तो थेट लावता येत नाही, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. आणि व्हॉल्व्ह ॲम्प कोणताही असो, स्पीकर किंवा त्याच्या जागी योग्य लोड जोडल्याशिवाय तो चालू करून वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.