विमानतळाचा धूर आणि आपली छाती

घरातला मुलगा परदेशी निघाला की त्याला सोडायला आपल्याकडे अख्खे घर जाते. माणसे जास्त म्हणून एकाऐवजी दोन गाड्या निघतात. सहारला पोहोचल्यावर निरोप घेणे चांगले लांबते आणि तोवर ए.सी.साठी गाडीचे इंजिन घरघरत राहते. वाचक म्हणतील, डॉक्टर, आरोग्याच्या सदरात हे कशाला? पण त्याचा संबंध थेट आपल्या छातीशी आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. कार्बन डायऑक्साइड रस्त्यावर जेवढा असतो तेवढ्याने कोणाला दमा होत नाही. प्रत्येक उच्छ्वासात आपण तो बाहेर टाकतोच. त्याचा दोष पृथ्वीचे तापमान वाढवण्याचा. मात्र तो एकटा येत नाही. लिटरभर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो (हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो, म्हणून वजन वाढते) आणि त्याच जळण्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे व काजळीचे सूक्ष्म कणही बाहेर पडतात. एक कमी केला की दुसरेही कमी होतात.

हे कण किती बारीक? माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन. विमानाच्या इंजिनातून निघणारे बरेच कण ०.१ मायक्रॉनहूनही लहान असतात. मोठी धूळ नाकात आणि श्वासनलिकेतल्या चिकट स्रावात अडकते. हे कण मात्र वायुकोशांपर्यंत पोहोचतात, त्यातले काही रक्तातही उतरतात. म्हणूनच प्रदूषित हवेने दम्याबरोबर हृदयविकार आणि पक्षाघाताचाही धोका वाढतो. लॉस एंजेलिस विमानतळाच्या परिसरात केलेली मोजणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तिथे वाऱ्याच्या दिशेला सोळा किलोमीटरपर्यंत अशा कणांचे प्रमाण वाढलेले आढळले. नाहूर सहारपासून त्याहून जवळ आहे. दुपारी समुद्रावरून येणारा वारा पूर्वेकडे, म्हणजे कुर्ला-घाटकोपरच्या बाजूला वाहतो. तरी आपल्या खोकल्याचे सारे खापर विमानांवर फोडू नये. शास्त्री मार्गावरची वाहने, बांधकामाची धूळ, कोपऱ्यावर पेटवलेला कचरा, आपल्याकडे कारणांची वानवा नाही.

मुंबई विमानतळाने २०२२ साली आपली सगळी वीज जल, पवन व सौर अशा स्रोतांकडे वळवली. हे चांगलेच झाले. पण प्रवासी दारापर्यंत कशाने यावा, हे विमानतळाच्या हाती थोडेच आहे? ते आपल्या हाती.

नाहूरहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने चौथे स्थानक मरोळ नाका, तिथे मेट्रो ३ पकडली की पुढचेच स्थानक टर्मिनल २. हा दुवा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. साकीनाक्याच्या कोंडीत अडकण्यापेक्षा हे बरे. मध्यरात्रीच्या विमानांना आणि चार बॅगा घेऊन निघालेल्या वृद्धांना मेट्रो सोयीची नाही, हे कबूल. मग एकच गाडी न्यावी, निरोप घरीच घ्यावा आणि मिनिटाहून अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे. हमाल, पोलीस, चालक असे तिथे दिवसभर उभे राहणारे लोक तोच धूर ओढत असतात. गाडीची पी.यू.सी. तपासणी नुसत्या कागदासाठी करू नये.

विमानातही आपला वाटा आहे. सामान जितके जड तितके इंधन जास्त जळते. लोणच्याची एक बरणी न्या, सहा कशाला? विमानाच्या शेपटीत एक छोटे इंजिन असते. उशिरा येणाऱ्या प्रवाशासाठी विमान खोळंबले की बहुधा तेही चालू राहते. तेव्हा वेळेवर दाराशी हजर राहावे.

आता रुग्णांसाठी. दमेकऱ्यांनी हिवाळ्यात, हवा जमिनीलगत साचून राहते तेव्हा, पहाटे गर्दीच्या रस्त्यावर फिरायला जाणे टाळावे. इन्हेलरची सवय लागते ही भीती निराधार आहे. बरे वाटले म्हणून तो परस्पर बंद करू नये. तोंडावरच्या रुमालाने हे कण अडत नाहीत, त्यासाठी नीट बसणारा एन-९५ मास्क लागतो. रिक्षा-टॅक्सीचालकांनी दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला ‘धुराचाच असेल’ म्हणून अंगावर काढू नये. थुंकी तपासून घ्यावी. क्षयरोगाची ही तपासणी सरकारी व पालिका दवाखान्यांत मोफत होते.