विश्लेषण : पृथ्वी फिरताना पाहायची तर किती वेळ थांबावे लागते? विज्ञान केंद्राची सफर वाया का जाते?

शाळेची सहल विज्ञान केंद्राच्या दारात उतरते. रांग लावणे, मोजणी, डबे आणि मग दोन तासांत सगळी दालने ‘कव्हर’. मुले या बटणावरून त्या बटणाकडे पळतात. घरी आल्यावर ‘काय पाहिले?’ असे विचारले, तर उत्तर एकच : ‘मजा आली.’ सुट्टीत कुटुंबासह जाणाऱ्यांचेही फारसे वेगळे नसते. तिकीट काढले आहे तर सगळे बघून घेऊ, या घाईत जे बघायला आलो तेच निसटते. हे का होते आणि कसे टाळता येईल?

संग्रहालय आणि विज्ञान केंद्र यांत फरक काय?

संग्रहालयात वस्तू काचेआड असते, ‘हात लावू नये’ अशी पाटी असते. विज्ञान केंद्रात नेमके उलट. तिथे फिरवा, ढकला, झुलवा असे सांगितलेले असते. ही कल्पना जगभर रुजवण्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘एक्स्प्लोरेटोरियम’चा मोठा वाटा आहे. १९६९ मध्ये ते उभारणारे फ्रँक ओपनहायमर हे अणुबॉम्ब प्रकल्पाचे प्रमुख शास्त्रज्ञ रॉबर्ट ओपनहायमर यांचे धाकटे भाऊ. कम्युनिस्ट पक्षाशी पूर्वी असलेल्या संबंधांवरून १९४९ मध्ये फ्रँक यांना विद्यापीठातील नोकरी सोडावी लागली. त्यांनी काही वर्षे कोलोरॅडोत गुरे पाळली, नंतर तिथल्या शाळेत विज्ञान शिकवले. प्रयोग मुलांच्या हातात देण्याची त्यांची पद्धत पुढे त्यांच्या केंद्रात दिसली.

भारतात कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय १९५९ मध्ये सुरू झाले. १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र (१९८५) आणि नागपूरचे रमण विज्ञान केंद्र ही महाराष्ट्रातील तिची दोन ओळखीची ठिकाणे.

घाईत नेमके काय निसटते?

याचे उत्तम उदाहरण म्हणजे फुको लंबक. उंच छतापासून लांब तार, तिच्या टोकाला जड गोळा आणि तो संथपणे झुलतो. बटण नाही, दिवा नाही, आवाज नाही. त्यामुळे बहुतेक जण एक फोटो काढून पुढे जातात.

फ्रेंच शास्त्रज्ञ लिआँ फुको यांनी १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑन इमारतीत ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगून हा प्रयोग लोकांना दाखवला. लंबक ज्या दिशेने सोडला ती दिशा हळूहळू वळत असल्याचे लोकांनी पाहिले. लंबकाला कोणीही वळवत नव्हते. त्याच्याखालची जमीन वळत होती. आकाशाकडे न पाहता, बंद खोलीत उभे राहून पृथ्वीचे फिरणे दिसू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

पुण्यात आणि दिल्लीत वेग वेगळा का?

उत्तर ध्रुवावर लंबक टांगला, तर त्याच्याखालची जमीन सुमारे २४ तासांत पूर्ण गिरकी घेते. विषुववृत्तावर जमीन पूर्वेकडे धावते खरी, पण लंबकाच्या खाली स्वतःभोवती वळत नाही. त्यामुळे तिथे झोक्याची दिशा बदलत नाही. आपण या दोहोंच्या मध्ये आहोत. जितके विषुववृत्ताजवळ, तितके वळणे संथ.

पॅरिसमध्ये पूर्ण फेरीला सुमारे ३२ तास लागतात. दिल्लीत नव्या संसद भवनातही फुको लंबक आहे. तिथे सुमारे ५० तास लागतात. पुण्यातील ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातही असा लंबक आहे. पुण्याच्या अक्षांशावर पूर्ण फेरीला साधारण ७५ तास, म्हणजे तीन दिवसांहून थोडे अधिक लागतात. तासाला पाच अंशांहूनही कमी.

आता सहलीचा हिशेब करा. लंबकासमोर दहा मिनिटे थांबलात तरी तो एक अंशही वळलेला नसतो. पण गोळा मध्यापासून एक मीटर दूर जात असेल, तर तासाभरात त्याच्या झोक्याचे टोक सुमारे आठ सेंटिमीटर सरकते. हे डोळ्यांना स्पष्ट दिसते. म्हणजे तोच लंबक घाईतल्या माणसाला काहीच दाखवत नाही आणि तासाभराने परत येणाऱ्याला पृथ्वी फिरताना दाखवतो.

अंदाज चुकला तर?

तर उत्तमच. अनेक विज्ञान केंद्रांत चढावर ‘आपोआप’ चढणारा जोडशंकू असतो. दोन शंकू तळाशी जोडलेले आणि चढत जाताना एकमेकांपासून दूर होणारे दोन रूळ. शंकू सोडला की तो चढाच्या दिशेने घरंगळतो. बघणारा ‘चुंबक असेल’ म्हणून मोकळा होतो. पण वाकून, डोळे रुळांच्या पातळीवर आणून बाजूने पाहिले की गंमत कळते. रूळ फाकत जातात तसा शंकू त्यांच्यामध्ये खाली बसत जातो. रूळ वर जातात, पण शंकूचा मध्य खालीच येत असतो. गुरुत्वाकर्षणाचा नियम कुठेही मोडलेला नाही.

आधी अंदाज बांधला असेल, तरच हे उत्तर लक्षात राहते. आधी पाटी वाचली, तर ती केवळ माहिती ठरते.

मग सफर कशी आखावी?

* सगळी दालने नकोत. तीन-चार प्रयोग निवडा आणि प्रत्येकाला किमान पंधरा मिनिटे द्या.
* बटण दाबण्यापूर्वी ‘काय होईल?’ हे प्रत्येकाने सांगायचे. मोठ्यांनीही.
* एकदा झाले की एक गोष्ट बदलून पुन्हा करा : जोर, दिशा किंवा उभे राहण्याची जागा.
* उत्तर येत नसेल तर ‘मलाही माहीत नाही, बघू या’ म्हणा. आई-बाबा चुकू शकतात हे कळले की मुलेही बेधडक अंदाज बांधतात.
* फुको लंबक असेल तर आल्या आल्या त्याची दिशा फोनमध्ये टिपा आणि निघताना त्याच जागी उभे राहून पुन्हा फोटो काढा.
* गर्दी टाळायची तर शाळांच्या सहलींचे दिवस चुकवा. वेळा आणि तिकिटांचे दर आधी तपासा. ‘आयुका’सारख्या संशोधन संस्था रोज खुल्या नसतात, २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथल्या कार्यक्रमांची चौकशी करा.

जवळ विज्ञान केंद्रच नसेल तर?

गावोगावी जाणारी फिरती विज्ञान प्रदर्शने भारतात १९६५ पासून आहेत. बसमध्ये मांडलेले प्रयोग शाळांपर्यंत पोहोचतात. आपल्या भागात बस येणार आहे का, हे शाळेमार्फत विचारता येते.

तोवर घरी एक प्रयोग होऊ शकतो. दोऱ्याला किल्ली बांधा, दोरा चिमटीत धरून तिला झोका द्या. आता हात न हलवता दोरा चिमटीतच हळूहळू पिळा. किल्ली स्वतःभोवती फिरेल. तिचा झोका कोणत्या दिशेने जाईल, याचा अंदाज मात्र आधी बांधा.