बैलाच्या पाठीवरचा अर्धा विनोद

लेखमाला : मिरवणुकीच्या आतून (भाग ६)

२६ जानेवारी २०२३. दिल्लीत कर्तव्यपथावर महाराष्ट्राचा चित्ररथ निघाला तेव्हा हिमायतनगरच्या आमच्या घरात टीव्हीसमोर एकच घाई होती : माहूरची कोणती? विषय होता साडेतीन शक्तिपीठं आणि नारीशक्ती. पुढच्या अंगाला संबळ वाजवणारा गोंधळी, त्याच्यामागे देव्या. कॅमेरा असा भराभर फिरतो की एक चेहरा ओळखेपर्यंत दुसरं राज्य येतं. मावशीनं आधीच बजावून ठेवलं होतं, "नुसतं मुख दिसलं की सांग रे, तीच आपली." माहूरच्या रेणुकेचा तांदळा आहे, तिला धड नाही, हे गडावर जाऊन आलेल्याला सांगावं लागत नाही. दिल्लीतल्या पाहुण्यांना ते सांगायला कोणी नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही. चित्ररथाचा दुसरा क्रमांक आला.

त्यातली खरी गंमत आकड्यात होती. म्हणायचं साडेतीन आणि देव्या चार. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पूर्ण पीठं. वणीची सप्तशृंगी हे अर्धं. आता अर्धं पीठ मूर्तीत कसं दाखवायचं? अर्धी देवी कोणता कारागीर घडवेल? म्हणून चार दिसतात, आणि मराठी माणूस चार मोजून बिनदिक्कत साडेतीन म्हणतो. बाहेरच्याला वाटावं, यांना मोजता येत नाही.

मिरवणुकीतल्या रथांवर अशा गोष्टी असतात : दिसतात सगळ्यांना, कळतात थोड्यांना. काही मुद्दाम दडवलेल्या, काही आपोआप दडलेल्या. आज त्यांच्याबद्दल.

दडवण्याच्या कलेत सगळ्यात पुढे गेले ते अमेरिकेतले डिस्नेचे लोक. कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या उद्यानात १९७२ साली दिव्यांच्या रथांची रात्रीची मिरवणूक सुरू झाली आणि ती एका सणापुरती नव्हती. आज निघाली, उद्या निघाली, परवाही तीच. मिकी माऊसचं डोकं म्हणजे एक मोठं वर्तुळ आणि त्यावर दोन लहान वर्तुळं. ही तीन वर्तुळं भिंतींच्या नक्षीत, कठड्यांत, गालिच्यांत, कुठंही लपवायची आणि ती हुडकणाऱ्यांनी याद्या करायच्या, असा एक छंदच तिथं तयार झाला. फ्लोरिडातलं त्यांचं एपकॉट हे उद्यान १९८२ साली उघडलं. ते मोठ्या माणसांसाठी, तिथं मिकी नको असं ठरलं होतं. म्हणून रचनाकारांनी तो चोरून आत आणला, असं सांगतात. वरिष्ठांनी नको म्हटलेली गोष्ट नक्षीत घालणं हा कारागिरांचा जगभरचा उद्योग आहे. आपल्या देवळांच्या बाहेरच्या भिंतींवर बारकाईनं पाहिलं तर तिथंही तो सापडतो, पण ती वाट वेगळी.

हाच खेळ चित्रपटांतही चालतो. पिक्सारच्या अॅनिमेशनपटांत ए-११३ हा आकडा पुन्हापुन्हा येतो. कधी मोटारीच्या पाटीवर, कधी दारावर. तो कॅलिफोर्नियातल्या एका कलासंस्थेतल्या वर्गखोलीचा क्रमांक. त्या खोलीत शिकलेले लोक पुढे अॅनिमेशनच्या धंद्यात मोठे झाले. प्रेक्षकासाठी तो नुसता आकडा. त्या वर्गातल्यांसाठी तो एकमेकांना घातलेला रामराम.

पण असं काही दडवायचं तर ते बघणारा माणूस परत परत यायला हवा. रथ डोळ्यांसमोर असतो अर्धा मिनिट. पहिल्यांदा आलेला माणूस रोषणाई बघतो, पोराला खांद्यावर घेतो, फोटो काढतो. चाकाच्या बाजूला काय कोरलंय ते पाचव्या खेपेला दिसतं. म्हणजे रथावर किती लपवायचं हे तो रथ किती वेळा निघणार यावर ठरतं. मला तरी असं वाटतं, आणि आपल्याकडचे रथ या मापानं मोजून पाहिले तर ते बरंच खरं निघतं.

दिल्लीचा चित्ररथ घ्या. वर्षातून एकदा, तोही एकाच रस्त्यावर. लांबी ४५ फूट, रुंदी १४, उंची १६, याच्या आत सगळं बसवायचं. सगळ्यात मोठी अट म्हणजे त्यावर काही लिहायचं नाही. फक्त राज्याचं नाव चालतं : पुढे हिंदीत, मागे इंग्रजीत, दोन्ही बाजूंना राज्याच्या भाषेत. तामिळनाडूच्या, बंगालच्या रथावर पुढची आणि बाजूची अक्षरं निराळी दिसतात. आपल्या रथावर मात्र पुढे हिंदी 'महाराष्ट्र' आणि बाजूला मराठी 'महाराष्ट्र'. कानामात्रेचाही फरक नाही. कोणती पाटी कोणत्या भाषेतली, हे रथ कुठं उभा आहे त्यावरून ओळखायचं.

लिहायचंच नाही म्हटल्यावर वस्तूंनी बोलावं लागतं. २०२२ साली आपल्या रथाचा विषय जैवविविधता होता. त्यावर शेकरू होता, हरियाल होता आणि ब्लू मॉर्मन फुलपाखरू होतं. परदेशी पाहुण्याला एक खार, एक पारवा आणि एक फुलपाखरू दिसलं असेल. पण शेकरू हा राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी. आणि ब्लू मॉर्मनला २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळाला. असं फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. आपल्याला हे शाळेच्या सामान्यज्ञानाच्या वहीतून पाठ, म्हणून आपल्याला ते राज्याच्या शिक्क्यासारखं वाचता येतं. लोकांच्या मतांत त्या वर्षी हाच रथ पहिला आला.

आणखी एक दडलेली गोष्ट, ती सगळ्याच रथांत असते. आत एक माणूस बसलेला असतो. देखाव्याच्या पोटात ट्रॅक्टर आणि त्यावर चालक. त्याला दिसतो तो समोरच्या फटीतून येईल तेवढा रस्ता. डिस्नेच्या रथांतही चालक असेच पोटात. फ्लोरिडात त्यांचा एक आग ओकणारा ड्रॅगन आहे. मे २०१८ मध्ये भर मिरवणुकीत त्याचं डोकंच पेटलं. इजा कोणाला झाली नाही. बघ्यांपैकी कितीतरी जणांना आधी तो खेळाचाच भाग वाटला असेल. आग ओकणं हेच ज्याचं काम, तो पेटला तर कळायचं कसं?

आता नागपूर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बांबू, कागद, कापड यांचे हे प्रचंड पुतळे गल्ल्यांतून फिरतात आणि शेवटी शहराबाहेर जाळले जातात. त्यांच्या मागेपुढे असतात बडगे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, मधल्या काळात कोरोनाचा. प्रत्येकाच्या गळ्यात पाटी आणि पाटीवर साचा एकच : अमुक तमुक घेऊन जा गे मारबत. पूर्वी त्या जागी खोकला, रोगराई असायची. आता त्या वर्षीचं जे दुखणं असेल ते.

बडग्यावर काही लपवलेलं नसतं. संध्याकाळपर्यंत ज्याची राख व्हायची त्यानं लपवायचं कशाला? तो ओरडूनच बोलतो. पुतळा ओबडधोबड असला तरी चालतो, पाटी मात्र नेमकी लागते. दिल्लीच्या रथाला अक्षर वर्ज्य, आणि बडग्या उभाच अक्षरांवर. पाटी काढली तर तो कोणाचाही पुतळा होईल. जर्मनीत ड्युसेलडॉर्फ शहरात झाक टिली नावाचे कारागीर असेच राजकीय चिमटे काढणारे रथ बनवतात. ते मिरवणुकीच्या सकाळपर्यंत झाकून ठेवतात, कोणाला दाखवत नाहीत. तिथं गुपित असतं, पण ते रथ कोणता याचं. एकदा रस्त्यावर आला की शेंबड्या पोरालाही कळावा असा.

काळी मारबत मात्र यातून वेगळी काढावी लागते. ती म्हणजे नागपूरकर भोसल्यांची बाकाबाई, असं जुनी माणसं सांगतात. १८५७ च्या उठावात तिनं इंग्रजांची बाजू घेतली, तो राग. १८८१ साली पहिली मारबत निघाली तेव्हा बाकाबाई जाऊन वीसेक वर्षं झाली होती आणि राज्य इंग्रजांचं होतं. इंग्रजाचा पुतळा जाळला असता तर पोलीस आले असते. मेलेल्या राणीचा जाळला तर हरकत कोण घेणार? वर नाव पूतना मावशीचंही घेता येतं, म्हणजे ती कृष्णाचीच गोष्ट झाली. हा खरा आतल्या गोटातला विनोद. आज त्या मिरवणुकीत नाचणाऱ्या पोरांना विचारा, बाकाबाई कितींना ठाऊक आहे? किल्ली हरवली, कुलूप तेवढं दरवर्षी वाजतगाजत निघतं. पुण्यात भाऊसाहेब रंगारींच्या गणपतीची गत तशी नाही. १८९२ पासूनचा तो राक्षसाला मारणारा गणपती अजून तोच आहे, त्याचं विसर्जन करत नाहीत, आणि तो राक्षस म्हणजे कोण हे पुणेकर अजून न विचारता सांगतात.

आमच्या हिमायतनगराला हे काही परकं नाही. हे जुनं वाढोणा, परमेश्वराचं गाव. पैनगंगा ओलांडली की विदर्भ. त्यामुळे पोळा आमच्याकडेही जोरात.

आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. तूप-हळदीनं बैलांचे खांदे चोळायचे. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, असं बैलांना बोलावणं. दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ किंवा वार्निस, बेगड, कपाळाला बाशिंग, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळा. अंगावर वाटीचे, तळहाताचे रंगीत ठसे. आणि अक्षरं. ज्यांची झूल जुनी किंवा फाटकी, त्यांच्या बैलांवर अक्षरं जास्त, हे मी लहानपणापासून बघतोय. बैलाची कूस ही गावातली सगळ्यात स्वस्त पाटी. कोणी नुसतं मालकाचं नाव लिहितो, कोणी कापसाचा भाव मागतो, कोणी मिशी पिळून पुढाऱ्याला टोमणा मारतो.

हे बैल वर्षातून एकदाच मिरवतात, म्हणजे माझ्या मापानं त्यांनी बडग्यासारखं ओरडायला हवं. पण नाही. कारण बघणारे तेच. कोणत्या घरची पोरं असं तिरपं अक्षर काढतात, कोणत्या मालकाचं कोणाशी बांधावरून वाकडं आहे, सगळं वेशीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत. रथ एकदाच निघतो, पण प्रेक्षक जन्मभराचा. म्हणून पोळ्यातला विनोद आखूड असतो. निम्मा बैलावर, निम्मा गावाच्या डोक्यात.

तीनचार वर्षांखालची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका काकांच्या पोरांनी पांढऱ्या जोडीवर ऑइलपेंटनं लिहिलं. उजव्या बैलावर 'पीकविमा' आणि डाव्यावर 'येणार येणार'. जोडी तोरणाखाली आली, लोक हसले. इतपत कोणालाही कळतं. पण काकांची ती जोडी गावात दुसऱ्याच गोष्टीसाठी प्रसिद्ध होती. त्यातला डावा बैल अडेल. गाडीला जुंपला की चार पावलं टाकून बसायचा, मग कितीही हाकला, शेपूट पिळा, नाव घ्या, हलायचा नाही. काका सबंध खरीप त्याला "येतोस का नाही?" म्हणत असायचे. पोरांनी 'येणार येणार' नेमकं त्याच्यावर लिहिलं होतं. म्हातारी माणसं जी पोट धरून हसली ती त्या बैलाला हसली, विम्याला नव्हे. शेजारच्या गावाहून आलेला एक पाहुणा मला म्हणाला, "यात एवढं काय आहे?" मी सांगायला गेलो, पण समजावून सांगितलेला विनोद म्हणजे गार झालेली पुरणपोळी.

पोळा फुटला, बैल घरी गेले, पुरणाचा घास खाल्ला. काकूंनी ओवाळताना डाव्या बैलाला दोन घास जास्त दिले, तो त्यांचा लाडका.

ऑइलपेंट लवकर जात नाही. उजवा बैल बाभळीला कूस घासायचा, त्याची अक्षरं आठ दिवसांत उडाली. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनचं काड घरी आणायला काकांनी गाडी जुंपली, तेव्हा उजवा पुन्हा पांढराशुभ्र होता. डाव्याच्या कुशीवर मात्र 'येणार येणार' ठळक. रस्त्यात मला गाडी दिसली ती उभीच. काका खाली उतरून बिडी ओढत होते आणि बैल खाली बसला होता.