कापरे कशाने भरले?

गेल्या भाऊबिजेची संध्याकाळ. ओवाळणी आटोपली होती, तबकातले निरांजन अजून तेवत होते आणि खाली चौकात मुलांनी फटाक्यांच्या माळांना बत्ती दिली होती. तेवढ्यात आमची चिमी खाटेखाली शिरली आणि थरथर कापू लागली.

चिमी म्हणजे आमची पामेरियन कुत्री. वजन जेमतेम चार किलो; रुबाब मात्र पाटलीणबाईचा. तीन आठवड्यांपूर्वीच ती चार पिल्लांची आई झाली होती. "फटाक्यांना भ्यायली बिचारी," असा आम्ही एकमताने निकाल दिला. सौ.ने तिच्या अंगावर गोधडी घातली, मी खिडक्या लावून घेतल्या आणि मंडळी पुन्हा फराळाकडे वळली.

तासाभराने फटाके थांबले; चिमीचे कापणे थांबले नाही. गोधडी दूर करून पाहतो तो तिचे पाय काठीसारखे ताठ झालेले, जीभ बाहेर आलेली, धाप लागलेली. पिल्ले कुईंकुईं करीत होती, पण तिचे तिकडे लक्षच नव्हते. अंगाला हात लावावा तर निखाऱ्यासारखे तापलेले. "अहो, हे काही निराळेच दिसते," सौ. म्हणाली, आणि आम्ही तसेच उठून रिक्षा केली.

जनावरांच्या डॉक्टरांनी फटाक्यांचे नावही काढले नाही. "पिल्ले किती दिवसांची?" हा त्यांचा पहिला प्रश्न. तिच्या रक्तातले कॅल्शियम दुधावाटे पिल्लांकडे गेले होते आणि त्यावाचून स्नायूंचा ताबा सुटला होता. लहान चणीच्या कुत्रीला बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हा धोका असतो आणि उशीर झाला तर जीवही जातो. डॉक्टरांनी तिच्या छातीवर नळी ठेवून, ठोके ऐकत ऐकत, शिरेतून अगदी सावकाश कॅल्शियम दिले. काही मिनिटांतच आमच्या डोळ्यांदेखत ते कापरे ओसरले.

मग आमची शिकवणी झाली. सतत आखडणारे स्नायू स्वतःच उष्णता निर्माण करतात. तापलेल्या जिवावर गोधडी घालून आम्ही आगीत तेल ओतले होते. शिवाय ती गाभण असताना आम्ही लाडाने कॅल्शियमच्या गोळ्या चारल्या होत्या. बाहेरून आयते मिळू लागले की हाडांतला साठा वेळेवर काढण्याची शरीराची सवय मंदावते आणि ऐन दुधाच्या दिवसांत तोटा पडतो. प्रेम होते, ज्ञान नव्हते.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला तर याची अधिकच लाज वाटायला हवी. आपल्या भाषेत कापण्याला किती शब्द! थंडीने हुडहुडी भरते, भीतीने माणूस चळचळा कापतो, रागाने थरथरतो, अशक्तपणाने पाय लटपटतात. कुत्र्याजवळ शब्द नाहीत. त्याच्याजवळ आहे ते नुसते कापणे. त्यातला नेमका शब्द शोधायचे काम आपले. आणि आम्ही हाताशी आलेला पहिला शब्द उचलून मोकळे झालो होतो.

त्या दिवसापासून मी थोडी चौकशी केली, थोडे वाचले. त्यातले घरोघरी उपयोगी पडेल ते सांगतो.

सर्वांत निर्धास्त प्रकार म्हणजे अंग झाडणे. भिजलेला कुत्रा नाकापासून शेपटीपर्यंत घुसळून निघतो आणि आपले कपडे भिजवतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेतील संशोधकांनी २०१२ साली दाखवले, की प्राणी जितका लहान तितके त्याचे झाडणे वेगवान. कुत्रा सेकंदाला चार-पाच हेलकावे घेतो, तर उंदीर तीसच्या आसपास. हे पाहून हसावे आणि टॉवेल आणावा.

दुसरी हुडहुडी. कुत्र्याच्या अंगाची उष्णता मुळातच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ती टिकवण्यासाठी स्नायू भराभर आखडून ऊब निर्माण करतात. आखूड केसांच्या, लहान चणीच्या आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना थंडी लवकर बाधते. नवजात पिल्लांना तर कुडकुडण्याचीही शक्ती नसते. इथे मात्र गोधडी खरी. अंग कोरडे करावे आणि अंथरूण गार फरशीवरून उचलावे.

तिसरी लटपट. म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय कापू लागले की आपण "वय झाले" म्हणून सोडून देतो. पुष्कळदा ते सांध्यांचे दुखणे असते आणि त्यावर इलाज असतो. फक्त आपल्या डब्यातली गोळी त्याला देऊ नये. आयबुप्रोफेनसारखे औषध कुत्र्याला विषासमान आहे.

विषाचा विषय निघालाच आहे, तर दिवाळीत आलेल्या भेटीच्या डब्यांकडेही पाहावे. चॉकलेटमधले थिओब्रोमीन कुत्र्याला सोसत नाही. काही बिनसाखरेच्या गोळ्यांत झायलिटॉल असते. त्याने रक्तातली साखर एकाएकी उतरते. दोन्हींनी कापरे भरते, झटकेही येतात. कीटकनाशकांचेही तेच. पिल्लाला डिस्टेंपर झाला तर एखादा पाय झोपेतसुद्धा सारखा उडत राहतो. त्याची लस वेळेवर टोचून घेणे हाच शहाणपणा.

तेव्हा खूण अशी: कारण सरले तरी कापणे सरत नाही, अंग ताठ किंवा तापलेले आहे, तोल जातो, उलट्या होतात, झटके येतात किंवा कुत्री अंगावर पाजणारी आहे, यांतले काहीही दिसले तर घरगुती उपाय करीत बसू नये. मोबाइलवर मिनिटभराचे चित्रण करावे आणि थेट डॉक्टर गाठावा.

आता राहिली भीती, आणि दिवाळीत खरोखर बहुतेक कुत्री भीतीनेच कापतात. आपला कान वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. कुत्र्याचा चाळीस हजारांच्याही पुढे जातो. त्यातून हा आवाज कुठून येतो, का येतो, केव्हा थांबणार, काहीच त्याला ठाऊक नसते. "लाड करू नका, भीती वाढेल," असे आमचे वडील म्हणत. आजचे जाणकार तसे मानीत नाहीत. भीती ही खोड नव्हे. जवळ घेतल्याने ती लबाडी म्हणून शिकली जात नाही. त्याला हवे असेल तर जवळ घ्यावे, खाटेखाली बसायचे असेल तर बसू द्यावे. रागावू नये आणि धीट करण्यासाठी ओढून गच्चीवर तर मुळीच नेऊ नये.

अंधार पडण्यापूर्वी फिरवून आणावे, आतल्या खोलीत अंथरूण घालावे, पडदे ओढावेत, रेडिओ लावावा. गळपट्ट्यावर आपला फोन नंबर असावा. भेदरलेला कुत्रा दार उघडे दिसताच धूम ठोकतो. फार भिणाऱ्यासाठी डॉक्टरांकडून औषध आधीच लिहून घ्यावे. दिवाळीआधी काही आठवडे फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावून त्याबरोबर आवडीचा घास दिला, तर सवय होते. आणि निम्मे काम फटाके उडवणाऱ्यांचे! सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आवाजाच्या फटाक्यांना मनाई केली, ती केवळ माणसांच्याच झोपेसाठी उपयोगी आहे असे नाही.

महाभारताच्या आदिपर्वात, अगदी आरंभीच, एका कुत्र्याची कथा येते. जनमेजयाच्या यज्ञात त्याच्या भावांनी सरमेच्या निरपराध पिल्लाला मारले. त्याने हवी चाटली नव्हती, तिच्याकडे पाहिलेदेखील नव्हते. सरमेने राजाला शाप दिला तो मरणाचा नव्हे. न दिसणारे भय तुझ्यावर येईल, एवढाच. शाप ऐकून तो सम्राट हादरून गेला. न दिसणारे भय म्हणजे काय, हे आमच्या चिमीला दरवर्षी चार दिवस कळते.

चिमी आता ठणठणीत आहे. पिल्ले चांगल्या घरी गेली. यंदाही फटाके वाजतील आणि ती खाटेखाली शिरेल. मी जवळ फरशीवर बसेन, हात पुढे ठेवीन. मात्र एक डोळा घड्याळावर असेल. फटाके थांबले आणि कापरे थांबले नाही, तर पहिला शब्द खोडून दुसरा शोधायचा आहे.