जुनं ओबीएम इंजिन मध्येच दम का सोडतं? कार्बोरेटर उघडण्याआधी हे बघा

खारघर म्हटलं की आपल्याला सेंट्रल पार्क, उत्सव चौक आणि पांडवकडा आठवतो. पण रेल्वे लाइनच्या पलीकडे, कांदळवनाच्या मागे पनवेलची खाडी आहे आणि तिथे आजही छोट्या होड्यांवर मासेमारी चालते. माझ्या काकांची अशीच एक होडी आहे. तिच्या मागच्या फळीला दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड इंजिन लावलंय. वयाने ते माझ्याहून मोठं. पावसाळ्यानंतर त्याने नवीनच नखरा सुरू केला: पाच-सात मिनिटं मस्त पळायचं आणि मग धाप लागल्यासारखं ढेपाळायचं.

बंदरावर यावर एकच सल्ला मिळतो, "कार्बोरेटर उघड." मला तो शेवटचा उपाय वाटतो. ताकद कधी आणि कशी जाते हे नीट पाहिलं, तर अर्धं उत्तर पाना न लावताच मिळतं.

आधी फोन काढा

"पूर्वीसारखं पळत नाही" हे मोजता येतं. कोणतंही जीपीएस स्पीड ॲप चालेल. फक्त लक्षात ठेवा, जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग दाखवतं, त्यामुळे भरती-ओहोटीचा ओढा त्यात मिसळतो. म्हणून एकदा पाण्याच्या ओढीबरोबर आणि एकदा उलट, तेवढ्याच थ्रॉटलवर होडी चालवा आणि दोन्ही वेगांची सरासरी काढा. सोबत इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करा. मेकॅनिकला व्हॉट्सॲपवर हीच क्लिप सगळ्यात जास्त कामाला येते.

आता आवाज ऐका. आवाज चढतोय पण होडी पुढे जात नाही? मग इंजिनाला दोष देऊ नका, पंखा बघा. इंजिन बंद करा, वर उचला आणि पंख्यात प्लास्टिक किंवा जाळ्याचा तुकडा अडकलाय का ते पाहा. आपल्या खाडीत हे रोजचंच आहे. पंखा साफ असेल तर त्याच्या मधल्या रबरी हबवर संशय घ्या. जुनं झालं की हे रबर आतल्या आत घसरतं. आतल्या भागापासून बाहेरच्या भागापर्यंत मार्करने एक सरळ रेघ मारा, फोटो काढा, एक फेरी मारून या. रेघ तुटून सरकली असेल तर हब गेला.

आवाजच बसतोय? मग पेट्रोलकडे वळा

काकांच्या इंजिनाचा आवाज बसत होता. सुरुवात फुकटच्या तपासणीने केली. सुट्या टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. तो बंद राहिला तर पेट्रोल जातं पण त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि काही मिनिटांत इंजिनाला पेट्रोल कमी पडतं. इंजिन ढेपाळल्यावर झाकण सैल करा. "फुस्स" आवाज आला तर चोर सापडला.

आमच्याकडे स्क्रू उघडाच होता. मग पुढची टेस्ट: इंजिन ढेपाळत असताना पेट्रोलच्या पाइपवरचा रबरी फुगा हाताने दाबत राहायचा. इंजिनात पुन्हा जीव आला तर पेट्रोल पुरेसं पोहोचत नाहीये. आमचं इंजिन लगेच उचललं. म्हणजे दोष पाइप, जोडणी, फिल्टर किंवा फ्युएल पंपाच्या पडद्यात. पाइप कापून पाहिला तर आतला थर फुगून सुटला होता.

असं का होतं? पंपावर आता 20 टक्के इथेनॉल असलेलं ई20 पेट्रोल मिळतं. जुन्या इंजिनांचे पाइप आणि गॅस्केट त्यासाठी बनलेले नव्हते. शिवाय इथेनॉलला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, पण जुना कार्बोरेटर हे ओळखत नाही. मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. त्यात इथेनॉल ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर बनवतात, आणि टू-स्ट्रोकचं ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. तळाचं पाणी ओढलं गेलं तर पिस्टनला ऑइलच मिळत नाही. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. सकाळी दोन थर दिसले तर ते पेट्रोल वापरू नका. ऑइल टीसी-डब्ल्यू3 दर्जाचंच घ्या. बऱ्याच इंजिनांना 50 लिटरला 1 लिटर चालतं, पण तुमच्या मॅन्युअलमधलं प्रमाण खरं.

गरम होतंय का?

इंजिनातून मागे पिचकारीसारखी पाण्याची धार पडते ना, ती बघा. बारीक झाली किंवा थांबली तर लगेच इंजिन बंद. खाडीच्या गाळाने इंपेलर झिजतो आणि मिठाने आतल्या वाटा चोंदतात. काही मॉडेलमध्ये तापलं की आरपीएम आपोआप उतरतात आणि आपल्याला वाटतं ताकद गेली. घरी तपासताना इंजिन पाण्याच्या ड्रममध्येच चालू करा. कोरडं चालवलं तर इंपेलर लगेच जळतो.

मग प्लग. दोन्ही काढून शेजारी ठेवा. दोन्ही चॉकलेटी असतील तर ठीक. एक काळा-ओला आणि दुसरा कोरडा असेल तर एका सिलिंडरमध्ये नीट जळत नाहीये: प्लग, कॉइल, वायर बघा. पांढरा प्लग म्हणजे मिश्रण पातळ, इंजिन तापतंय. एवढं करूनही फरक नसेल तर कॉम्प्रेशन गेज लावायला मेकॅनिककडे जा. दोन सिलिंडरच्या आकड्यांत मोठी तफावत आली तर काम रिंगपर्यंत गेलंय.

ट्रायलला एकटे जाऊ नका. ओहोटीला इंजिन बंद पडलं तर पाणी होडीला खाडीच्या तोंडाकडे ओढत नेतं. लाइफ जॅकेट, वल्हं, नांगर आणि पाण्यापासून वाचेल अशा पाऊचमध्ये चार्ज केलेला फोन सोबत हवाच. तटरक्षक दलाचा नंबर 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093, दोन्ही आत्ताच सेव्ह करा.

काकांनी नवा पाइप, फुगा आणि दोन्ही जोडण्यांच्या रबरी रिंगा बदलल्या. कार्बोरेटर अजून कोणी उघडलेला नाही.