आधी पाणलोट, मग किनारा
नकाशांची लेखमाला : भाग ५

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या पाचशे किलोमीटर परिघात कुठेही समुद्र नाही. तरीही काल्पनिक बेटाचा नकाशा काढायला बसलेल्याला पुलगावात बरेच शिकता येते. बेटाच्या आकारावर जमिनीवरून वाहणाऱ्या पाण्याची सत्ता मोठी असते, आणि पुलगाव वर्धा नदीच्या काठी आहे.

असा नकाशा लागतो तो रोल-प्लेच्या खेळात. या खेळात चार-सहा जण एका टेबलाभोवती बसतात. एक जण जग उभे करतो, बाकीचे त्या जगातली पात्रे होतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून हा प्रकार जगभर पसरला. कादंबरीच्या लेखकाला अडचणीची वाट वर्णनातून टाळता येते. खेळ चालवणाऱ्याला ती सोय नाही. समोरचा लगेच विचारतो : या नदीच्या काठाने खाली गेलो तर कुठे निघू? डोंगरापलीकडच्या बंदरावर जायला किती दिवस? नकाशातली नदी चढावर वाहत असेल, तर पहिल्याच प्रश्नाला खेळणाऱ्यांचा त्या जगावरचा विश्वास उडतो.

अशा नकाशांचा पूर्वज म्हणजे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे ‘ट्रेझर आयलंड’. १८८१ च्या पावसाळी उन्हाळ्यात, स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी, सावत्र मुलाबरोबर रंगकाम करताना त्याने एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशातून गोष्ट निघाली. पुढे प्रकाशकाकडे पाठवलेला मूळ नकाशा गहाळ झाला. मग त्याला आपल्याच पुस्तकातला प्रत्येक उल्लेख वेचून, त्यांत बसेल असा नकाशा वडिलांच्या कचेरीत नव्याने करवून घ्यावा लागला. नकाशावरून गोष्ट लिहिणे सोपे होते, गोष्टीवरून नकाशा जुळवणे फार जड गेले, असे त्याने नंतर नमूद केले आहे. खेळ सुरू झाल्यावर नकाशा दुरुस्त करू म्हणणाऱ्यांनी हा अनुभव लक्षात ठेवावा.

बहुतेक जण कागदावर पहिल्यांदा किनारा काढतात. एक नागमोडी रेघ फिरून स्वतःला येऊन मिळते, मग आत मोकळ्या जागी डोंगर पेरले जातात आणि उरलेल्या जागेतून नद्या. असे बेट चुकीचे दिसते, पण नेमके काय चुकले ते सांगता येत नाही. चूक क्रमात असते.

क्रम समजायला मुलताईचा विचार करावा. मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्याचा हा तालुका सातपुड्याच्या पठारावर आहे. तापी इथेच उगम पावते आणि पश्चिमेला अरबी समुद्रात जाते. वर्धाही याच तालुक्यात उगम पावते, पण दक्षिणेला उतरते, पुलगावावरून पुढे जाते, वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात पोचते. एकाच पठारावर पडलेल्या पावसाचे पाणी दोन समुद्रांना जाते, आणि या दोन पाण्यांमधली जी अदृश्य रेघ, तो पाणलोटाचा दुभाजक. काल्पनिक बेटाच्या कागदावर पेन्सिलीची पहिली रेघ याच दुभाजकाची हवी. बेटाचा कणा तो.

त्या कण्यावरून दोन्ही बाजूंना नद्या उतरवायच्या. वर्धेला डावीकडून यशोदा आणि वणा मिळतात, उजवीकडून बेंबळा आणि पैनगंगा. नकाशा उघडून हे संगम नीट पाहिले की कळते, उपनदी बहुधा मुख्य नदीच्या वाहण्याच्या दिशेला झुकून, लघुकोन करून मिळते. नवशिक्यांच्या नकाशांत हे कोन उलटे असतात. संगमाखाली नदी रुंदावते. ती सहसा दुभंगत नाही. वाळूच्या बेटांभोवती प्रवाह फुटतो तो थोड्या अंतरावर परत एक होतो, आणि खऱ्या अर्थाने नदीला फाटे फुटतात ते मुखापाशी, त्रिभुज प्रदेशात. तळ्यातही तसेच, पाणी येण्याच्या वाटा अनेक, बाहेर पडण्याची बहुतेक वेळा एकच. या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत बेट कापत जाणारी नदी मात्र नकाशात दिसली, तर ती नदी नसून सामुद्रधुनी आहे आणि बेटे दोन आहेत.

आता समुद्र. पुलगावच्या वरच्या अंगाला आर्वी तालुक्यात धनोडीजवळ निम्न वर्धा प्रकल्पाचे धरण आहे. धरणाचे पाणी भरते तेव्हा त्याचा काठ एकाच उंचीवरून, म्हणजे एका समोच्च रेषेवरून फिरतो. प्रत्येक नाल्यात पाण्याचे बोट आत शिरते, नाल्यांमधले उंचवटे जिभेसारखे पाण्यात येतात, आणि एखादी टेकडी चहूबाजूंनी वेढली गेली की तिचे बेट होते. किनारा असाच तयार होतो. म्हणजे किनारा वेगळा शोधून काढावा लागत नाही. डोंगर-दऱ्या मांडून झाल्यावर पाणी कुठवर चढवायचे एवढेच ठरवायचे.

घरी करण्याजोगा प्रयोग आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांक-पद्धतीत पुलगाव ५५ क्रमांकाच्या पत्रकात, ‘एल’ अक्षराच्या एक अंशी चौकोनात येते. आर्वी-कारंजाकडच्या डोंगराळ भागाचा समोच्च रेषांचा नकाशा घ्यावा, ४०० मीटरच्या रेषेला समुद्रसपाटी मानावे आणि तिच्याखालचे सगळे निळे रंगवावे. पुलगाव खोल पाण्यात जाते. वर उरतात भूशिरे, खाड्या आणि सुटी बेटे, कोणत्याही हौशी हाताने काढली नसती इतकी खरी. ते कागदावर फिरवून, उलटवून घेतले की मूळ प्रदेश ओळखूही येत नाही.

कोकणचा किनारा मोठ्या प्रमाणावर हेच दाखवतो. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळची खाडी, शास्त्रीच्या मुखाशी जयगडची. दोन खाड्यांमध्ये कडे आणि भूशिरे, त्यांवर किल्ले. किनाऱ्याला किती वळणे द्यायची हे नकाशाच्या प्रमाणावर अवलंबून असते, आणि याचा ताजा पुरावा सरकारी आकड्यांत आहे. भारताचा किनारा दशकानुदशके ७,५१६.६ किलोमीटर मानला जात होता. नव्या मोजणीत तो ११,०९८.८१ किलोमीटर निघाला. महाराष्ट्राचा ६५२.६ वरून ८७७.९७ वर गेला. जमीन तीच होती. जुनी मोजणी पंचेचाळीस लाखांस एक या प्रमाणावर झालेली, नवी अडीच लाखांस एक या प्रमाणावर, त्यामुळे पूर्वी सपाट धरलेले बाक मोजले गेले. छोट्या कागदावर आख्खे बेट बसवताना बारीक दातरे काढत बसू नये, आणि एकाच बंदराचा मोठा नकाशा करताना रेघ गुळगुळीत ठेवू नये. भरती-ओहोटीही विसरू नये. घारापुरी बेटाचे क्षेत्रफळ भरतीला सुमारे १० चौरस किलोमीटर असते, ओहोटीला सुमारे १६. ज्या खेळात पाठलाग होणार आहे, तिथे हा चिखलाचा पट्टा फार कामाचा.

आकार किती ठेवावा? पुलगाव ते आर्वी ही नॅरोगेज लाइन साधारण ३५ किलोमीटरांची होती. तेवढ्या लांबीचे बेट सुरुवातीला पुरते. १९३० च्या दांडीयात्रेत साबरमतीहून दांडीपर्यंतचे सुमारे ३९० किलोमीटर अंतर १२ मार्च ते ५ एप्रिल या काळात पायी कापले गेले, म्हणजे दिवसाला सरासरी पंधरा-सोळा किलोमीटर. त्या हिशेबाने आपले बेट सपाटीवरून पार करायला दोन दिवसांहून थोडे जास्त, डोंगरातून कदाचित चार. एवढ्याशा बेटात निसर्गाचे वैविध्य बसेल का, अशी शंका घेतली जाते. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या पुढे पाऊस पडतो, आणि रस्त्याने बत्तीस-तेहतीस किलोमीटरांवरच्या वाईत हजाराच्या आत. कणा पुरेसा उंच असेल आणि वारा एका बाजूने येत असेल, तर बेटाच्या एका अंगाला दाट जंगल आणि दुसऱ्या अंगाला खुरटे माळरान शोभून दिसते.

पेन्सिलीचे काम पक्के करायची रीत विल्यम लॅम्बटनची घ्यावी. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीला हात घातला. सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट घेऊन त्याची माणसे दक्षिणेकडून वर सरकत आली. नागपूरच्या वाटेवर, २० जानेवारी १८२३ रोजी, याच वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटात तो वारला, आणि त्याची कबर तिथेच आहे. आधी थोडे बिंदू अचूक, तपशील त्यांच्या आधाराने नंतर, ही त्याच्या कामाची शिस्त. बेटावरही तीन शिखरे आणि एक बंदर यांच्यातली अंतरे आधी मोजून टाकावीत. पुढे खेळात कितीही भर पडली तरी ती अंतरे हलणार नाहीत.

मग वस्ती. पुलगाव नदी ओलांडण्याच्या जागी वाढले, रेल्वेपुलाशी. नदीपलीकडे अमरावती जिल्हा. जिथे वाट आणि पाणी एकमेकांना छेदतात तिथे गाव, असे धरून चालले तर बेटावरची निम्मी गावे आपोआप सापडतात. नदीच्या वळणाची बाहेरची बाजू खोल असते, तिथे डोह आणि होड्या. आतल्या बाजूला रेती साचते, तिथे उन्हाळ्यात डांगरवाड्या. शिवारातल्या पांदण वाटा धुऱ्यांना धरून वाकड्या जातात. चोरट्याने कुठून पळायचे, हे अशा वाटाच ठरवतात.

शेवटचे काम म्हणजे नकाशाच्या दोन प्रती करणे. १९८१ च्या ‘द आयल ऑफ ड्रेड’ या गाजलेल्या मोहिमेत खेळणाऱ्यांच्या हाती फक्त किनारा दाखवणारा नकाशा येतो. आतला प्रदेश कोरा असतो आणि तो सहा-सहा मैलांच्या षटकोनांतून चालून भरायचा असतो. कोरी जागा खऱ्या नकाशांतही असते. लष्करी आणि नागरी संवेदनशील ठिकाणे सर्वांसाठीच्या नकाशांत दाखवायची नाहीत, असे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणात ठरले. लष्कराचे दारूगोळा भांडार असलेल्या पुलगावच्या लोकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. खेळणाऱ्यांच्या प्रतीत काय गाळायचे हे ठरवताना, त्या बेटावर तो नकाशा कोणी काढला, कोळ्याने, सरदाराने की व्यापाऱ्याने, हे आधी ठरवावे. कोळ्याच्या नकाशात खडक बारकाईने येतील आणि डोंगर नुसते ओळखखूण म्हणून. व्यापाऱ्याच्या नकाशात बाजाराची गावे आणि जकातनाकी. सरदार आपल्या किल्ल्याची पाण्याची वाट कधीच दाखवणार नाही.

पुढच्या भागात याच बेटाभोवतीच्या समुद्राची खोली : बुडी खडक, नांगर टाकायच्या जागा आणि वाऱ्याची दिशा.