‘वॉर’ : सात वादकांचा मिश्र ठेका

लॅटिन ताल, फंकची बेस गिटार, सोलचे गायन आणि जॅझचे मोकळे वादन एकत्र आणणाऱ्या अमेरिकी बँडांत ‘वॉर’चे नाव आधी घ्यावे लागते. हे मिश्रण कोणा कंपनीने ठरवून घडवलेले नव्हते. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडील लाँग बीच, कॉम्प्टन या भागांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची कुटुंबे शेजारी राहत, एकमेकांचे संगीत कानांवर पडतच असे. गिटारवादक हॉवर्ड स्कॉट आणि ड्रमवादक हॅरल्ड ब्राउन यांनी १९६२ साली तिथेच ‘द क्रिएटर्स’ हा बँड काढला. पुढे त्याच वादकांतले काही ‘नाइटशिफ्ट’ या नावाने वाजवू लागले. फुटबॉलपटू डीकन जोन्स यांच्या गाण्याला ते साथ करत असताना निर्माते जेरी गोल्डस्टीन यांनी त्यांना हेरले.

गोल्डस्टीन यांच्याबरोबर ‘द अ‍ॅनिमल्स’ सोडलेले इंग्लिश गायक एरिक बर्डन होते आणि कोपनहेगनहून अमेरिकेत आलेला ली ऑस्कर हा तरुण हार्मोनिकावादकही. यातून १९६९ मध्ये ‘वॉर’ उभा राहिला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सारे शांततेच्या घोषणा देत असताना असे नाव घेणे हा मुद्दामच केलेला खोडसाळपणा होता. १९७० मध्ये ‘स्पिल द वाइन’ हे गाणे बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबमध्ये जिमी हेंड्रिक्स यांनी त्यांच्यासोबत गिटार वाजवली. दोनच दिवसांनी हेंड्रिक्स यांचा मृत्यू झाला. १९७१ च्या युरोप दौऱ्यात बर्डन बाजूला झाले, आणि खरा ‘वॉर’ त्यानंतरच ऐकू आला.

त्यांच्या वादनाची गंमत तालात आहे. क्युबन संगीताचा कणा म्हणजे ‘क्लावे’, दोन मापांत वाटलेला पाच ठोक्यांचा आकृतिबंध : एका मापात तीन, दुसऱ्यात दोन. त्यामुळे जोर सतत मात्रांच्या मधल्या जागी सरकत राहतो. फंकचा स्वभाव उलट. जेम्स ब्राउन यांनी रुजवलेल्या या शैलीत प्रत्येक मापाची पहिली मात्रा ठासून वाजते, जणू दर चार मात्रांनी समच येते. ‘वॉर’ने लय संथ ठेवून दोन्हींना जागा करून दिली. पापा डी अ‍ॅलन यांचे कोंगा आणि इतर तालवाद्ये लॅटिन बाजू सांभाळत, तर बी. बी. डिकरसन यांची बेस आणि हॅरल्ड ब्राउन यांचे ड्रम जमीन पक्की ठेवत. वर लॉनी जॉर्डन यांचा ऑर्गन. चार्ल्स मिलर यांचा सॅक्सोफोन आणि ऑस्कर यांचा हार्मोनिका एकच धून एकत्र वाजवू लागले, की त्यांतून तिसऱ्याच एखाद्या वाद्यासारखा आवाज निघे. बँडची ओळख सर्वांत जास्त कशात असेल, तर या आवाजात.

गाणी तयार करण्याची पद्धतही निराळी होती. तासन्‌तास एकत्र वाजवायचे, ध्वनिमुद्रण चालू ठेवायचे आणि मग त्यातून गाणे कापून काढायचे. श्रेय बहुधा सातही जणांच्या नावे लागे. नोव्हेंबर १९७२ मधला ‘द वर्ल्ड इज अ गेटो’ हा अल्बम याचे उत्तम फळ. बिलबोर्डच्या हिशेबाने १९७३ चा सर्वाधिक खपलेला अल्बम तोच ठरला. त्यातले ‘द सिस्को किड’ दुसऱ्या क्रमांकावर गेले. मेक्सिकन नायक असलेल्या एका जुन्या दूरदर्शन मालिकेवरून ते सुचले होते.

१९७५ चे ‘लो रायडर’ मात्र सर्वांहून टिकाऊ ठरले. जुन्या मोटारी खाली बसवून, रंगवून, रस्त्यावरून मुद्दाम हळू चालवण्याचा छंद मेक्सिकन-अमेरिकन तरुणांत होता. गाणे त्याच संथ ऐटीत चालते आणि मिलर यांचा खर्जातला आवाज ती ऐट पुरती सांभाळतो. त्याच वर्षीचे ‘व्हाय कान्ट वी बी फ्रेंड्स?’ हे गाणे अपोलो-सोयुझ मोहिमेत अंतराळवीरांना ऐकवण्यात आले.

डिस्कोच्या लाटेत हा सूर क्षीण झाला. १९८० मध्ये मिलर यांची हत्या झाली. १९८८ मध्ये अ‍ॅलन रंगमंचावरच कोसळून मरण पावले. नव्वदच्या दशकात नावाच्या हक्कावरून फाटाफूट झाली. जॉर्डन ‘वॉर’ हे नाव घेऊन वाजवत राहिले, तर ब्राउन, स्कॉट, ऑस्कर आणि डिकरसन या मूळ चौघांना ‘लोरायडर बँड’ म्हणून उभे राहावे लागले. सर्वांनी मिळून घडवलेल्या संगीताचे नाव अखेर एकाच्याच वाट्याला गेले, हे न्याय्य म्हणणे कठीण. डिकरसन २०२१ मध्ये वारले.

नव्याने ऐकू इच्छिणाऱ्याने गाजलेल्या गाण्यांपेक्षा ‘सिटी, कंट्री, सिटी’पासून सुरुवात करावी. तेरा मिनिटांहून लांब असलेल्या या शब्दविरहित रचनेत चारही प्रवाह वेगवेगळे ओळखता येतात.